म्हातारं झालं म्हणे मुलुंड! मोजलं कुणी?

"मुलुंड आता म्हाताऱ्यांचं झालंय हो." हे वाक्य मी गेल्या दोन-तीन वर्षांत किती वेळा ऐकलं असेल, याची गणती नाही. सोसायटीच्या वार्षिक सभेत ऐकलं, कालिदास नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर ऐकलं, स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत ऐकलं. पूर्वी त्यात नुसती हळहळ असायची. हल्ली त्याला एक शेपूट फुटलंय आणि माझं भांडण त्या शेपटाशी आहे. शेपूट असं : "मुलं राहिलीत कुठे? शाळा ओस पडल्यात. त्या इमारती, ती मैदानं ज्येष्ठांसाठी देऊन टाका. काळाप्रमाणे नियोजन बदलायला नको?"

ऐकायला किती शहाणपणाचं! त्यात मी स्वतः साठी ओलांडलेला. म्हणजे हा सगळा बेत माझ्याच सोयीचा. कॅरम, वर्तमानपत्रं, भिंतीवर पंखा आणि दारावर कुणाच्या तरी स्मरणार्थची पाटी. असं असूनही मी या बेताच्या विरोधात आहे. मुलांचा कैवार घ्यायचा म्हणून मी विरोध करत नाही. ज्यांच्या नावाने हा बेत मांडला जातो, त्या म्हाताऱ्यांचंही त्यात भलं नाही, असं माझं म्हणणं आहे.

आधी पुराव्याचं बघू. आमच्या घराजवळच्या बागेत जांभळाखाली एक सिमेंटचा बाक आहे. पाठीवर कुणा माजी नगरसेवकाचं नाव आहे, अर्धं खरवडलेलं. सकाळी सहा ते साडेआठ तो बाक पेन्शनरांचा. साडेआठला ते उठले की घरकामाला आलेल्या बायका पुढच्या घराची वेळ होईपर्यंत तिथे पाच मिनिटं टेकतात. दुपारी एखादा डिलिव्हरीवाला मुलगा हेल्मेट उशाशी घेऊन आडवा होतो. साडेचारला दप्तरं येऊन आदळतात आणि बाकाचा स्टंप होतो. रात्री नऊनंतर कॉलेजातली दोन डोकी एका मोबाइलवर वाकलेली असतात. बाक एक, वयं पाच. सकाळी सहाला फिरायला येणारा माणूस मुलुंड म्हातारं झालं म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तो रोज त्याच वेळेला येतो, एवढंच.

उपनगराचा धर्मच मुळी असा की कमावत्या वयाचा माणूस दिवसा तिथे नसतो. सकाळच्या लोकलने गेलेला रात्री परततो. मुलं शाळेत, नाहीतर क्लासला. भर दुपारी रस्त्यावर, बँकेत, भाजीवाल्याकडे जे उरतात ते निवृत्तच असणार. हे उरलेलं उपनगर पाहून अख्ख्या उपनगराचं वय ठरवणं म्हणजे लग्नाचा मांडव उठल्यावर आचाऱ्याला पाहून वऱ्हाडाची संख्या सांगणं.

आता समोरच्याचं जे खरं आहे ते मान्य करतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ निघाला. एक पिढी दुसऱ्या पिढीची जागा भरून काढायची तर तो २.१ च्या आसपास लागतो. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे लोक ८.६ टक्के होते, महाराष्ट्रात ९.९ टक्के. म्हणजे वारं कुठल्या दिशेला वाहतंय याबद्दल वाद नाही. मुलुंडपुरतं बोलायचं तर पालिकेच्या टी विभागाची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ३ लाख ३० हजार होती, ती २०११ मध्ये ३ लाख ४१ हजार झाली. दहा वर्षांत जेमतेम तीन टक्के वाढ. बाहेरून फारसं कुणी येत नसेल, तर आत असलेली माणसं दर वर्षी एका वर्षाने मोठी होतात, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

पण टक्केवारी राज्याची असते आणि दवाखाना गल्लीत असतो. शाळाही गल्लीत असते. राज्याच्या सरासरीवरून गल्लीचा निकाल लावता येत नाही. याच पूर्व उपनगरांत, मुलुंडहून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर गोवंडी-मानखुर्दचा एम पूर्व विभाग आहे. त्याच दहा वर्षांत तो ६ लाख ७५ हजारांवरून ८ लाख ७ हजारांवर गेला. पालिका एक, आयुक्त एक, विकास आराखडा एक. तिथे मुलांना वर्गात बसायला जागा नाही, ही ओरड वर्षानुवर्षं आहे. इथे वर्गाला मुलं नाहीत, ही ओरड. आणि दोन्हीकडे नियोजनाचा मापदंड काय? डोकी.

हा मापदंड नीट बघण्यासारखा आहे. केंद्र सरकारच्या नगरनियोजनाच्या मार्गदर्शक सूचना सांगतात : दर २,५०० लोकसंख्येमागे एक बालवाडी, दर ५,००० मागे एक प्राथमिक शाळा, दर १५,००० मागे एक दवाखाना. आकडे गोल, लक्षात ठेवायला सोपे. ही पाच हजार डोकी किती वर्षांची, हे मात्र त्यात कुठेच नाही. समजा एका वस्तीत पहिली ते पाचवीच्या वयाची मुलं शेकडा सहा आहेत आणि दुसरीत शेकडा बारा. पहिल्या वस्तीतल्या शाळेत तीनशे मुलं येतील, दुसरीतल्या शाळेत सहाशे. दोन्ही शाळांची इमारत मात्र एकाच सूत्राने मंजूर. पुढे एक शाळा ओस पडली म्हणून बंद करायची आणि दुसरीत दोन पाळ्या लावायच्या. मग दोन्हीकडे दोष लोकसंख्येला द्यायचा. शिंप्याने कमरेचं माप न घेता सगळ्यांना एकच पँट शिवावी आणि मग गिऱ्हाईकाला म्हणावं, पोट तुमचंच सुटलंय.

"अहो, पण शाळा रिकाम्या आहेत, हे तर डोळ्यांनी दिसतंय ना?" असं आमचे एक स्नेही मला सभेत म्हणाले. त्यांना मी विचारलं, "काका, सकाळी सव्वासातला तुमच्या गेटसमोर पिवळ्या बस किती उभ्या असतात?" ते हसले. त्यांची स्वतःची नात त्यातल्याच एका बसने जाते. रिकामी झाली आहे ती मराठी माध्यमाची शाळा. मुलं गल्लीतच आहेत, फक्त त्यांना घेऊन बस दुसरीकडे जाते. ही माध्यमाची आणि विश्वासाची गोष्ट आहे. तिचं दुःख मला कुणाहून कमी नाही, पण ते दुःख वयाच्या खात्यावर टाकू नये. मुंबई पालिकेने काही वर्षांपूर्वी स्वतःच्या सीबीएसई शाळा काढल्या, तेव्हा प्रवेशासाठी सोडत काढावी लागली. म्हणजे त्याच पालिकेच्या त्याच शहरात पाटी बदलल्यावर मुलं सापडली. ती आकाशातून पडली नाहीत.

शिवाय वय ही काही जमिनीची प्रत नव्हे, की एकदा सातबाऱ्यावर चढली की कायमची. ते वाहतं. आमच्याच रस्त्यावर एक तीन मजली, बिनलिफ्टची इमारत होती. बहुतेक घरांत म्हातारा-म्हातारी दोघंच, काही घरांत एकच. पुनर्विकासाला गेली. भाडं घेऊन सगळे पांगले, कुणी ठाण्याला, कुणी मुलाकडे पुण्याला. चार वर्षांनी ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, आली तेव्हा जुन्यांतले सगळे परतले नाहीत. काही वारले, काहींनी तिथेच बस्तान बसवलं, काहींनी फ्लॅट भाड्याने दिला. आणि वरच्या मजल्यांवरचे जे विक्रीचे फ्लॅट होते, तिथे कोण आलं? गृहकर्ज काढलेली पस्तिशीची जोडपी. आता त्या इमारतीच्या तळमजल्यावर लहान मुलांच्या सायकली ठेवायला जागा नाही म्हणून भांडणं होतात. एका ओसीने एका प्लॉटचं सरासरी वय वीस वर्षांनी उतरवलं. अशा इमारती आज मुलुंडमध्ये जिकडेतिकडे पत्रे लावून उभ्या आहेत. लालबहादूर शास्त्री मार्गावर जिथे कारखान्यांचे भोंगे व्हायचे, तिथे टॉवर आहेत. त्याच मार्गावरून वडाळा-कासारवडवली मेट्रो चालली आहे आणि डोंगराच्या पोटातून गोरेगावला जोडणारा रस्ता येतो आहे. हे सगळं वयोवृद्धांसाठी बांधलं जात नाही. अशा जागी "म्हातारं झालं" असा शेरा मारून पुढच्या वीस वर्षांचा हिशेब करणं म्हणजे मध्यंतरातच नाटकाचा निकाल देणं.

याच्या उलटंही खरं आहे. ज्या वसाहतीत सगळे एकदम तरुण येतात, ती एकदमच म्हातारी होते. टोकियोच्या पश्चिमेला तामा नावाचं नवं शहर वसवलं, तिथे १९७१ पासून लोक राहायला आले, बहुतेक सगळी नवी-नवी संसार मांडलेली कुटुंबं. धडाधड शाळा बांधल्या. तीस-चाळीस वर्षांनी त्यांतल्या कित्येक बंद झाल्या आणि लिफ्ट नसलेल्या पाच मजली इमारतींच्या वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं अडकून बसली. आपली सिडको १९७० ची. वाशीत सुरुवातीच्या दिवसांत लहान मुलं कडेवर घेऊन राहायला आलेले लोक आज कुठल्या वयात आहेत, ते मोजून बघावं. दोष लोकांच्या म्हातारं होण्यात नाही. प्रत्येक पिढीला वाटतं की आज जे वय आहे ते कायमचं, आणि ती त्या वयासाठी सिमेंट ओतून बसते. दोष तिथे आहे.

बरं, "म्हातारा" म्हणजे तरी कोण? सरकारलाच विचारून बघा. २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक कायद्यात ज्येष्ठ म्हणजे साठीचा. एसटीत पासष्टीला अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीला मोफत. प्राप्तिकराच्या हिशेबात ऐंशीला अतिज्येष्ठ. निवडणूक आयोग घरी येऊन मत घेतो ते पंच्याऐंशी पूर्ण झालेल्यांचं. या वेगवेगळ्या रेषा ही सरकारची गफलत आहे असं मी म्हणत नाही. उलट त्यात शहाणपण आहे, कारण साठी आणि पंच्याऐंशी यांत पंचवीस वर्षांचं, म्हणजे एका पिढीचं अंतर आहे. साठीचा माणूस नातवाला शाळेत सोडतो, सोसायटीचा सेक्रेटरी असतो, भांडतो, मदत करतो. पंच्याऐंशीच्या माणसाला मदत लागते. पहिला सेवा देणाऱ्यांत मोडतो, दुसरा सेवा घेणाऱ्यांत. नियोजनाच्या सभेत मात्र दोघांचं मिळून एकच गाठोडं बांधलं जातं : "ज्येष्ठ". आणि त्या गाठोड्यावर बोलायला उभा राहतो तो बासष्टचा, कारण सभेच्या जिन्यावर चढता येतं ते त्यालाच.

त्यातूनच विरंगुळा केंद्र नावाचा हुकमी एक्का निघतो. माझा त्या केंद्रांना विरोध नाही. मीही तिथे पेपर वाचतो. पण आमच्या मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ८३ वर्षांचे एक गृहस्थ आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. लिफ्ट नाही. प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून दोघं त्यांना खाली आणतात, प्रत्येक मजल्याला एकदा टेकवून, आणि चार-पाच तासांनी तसंच वर नेतात. विरंगुळा केंद्र त्यांच्या घरापासून दोनशे पावलांवर आहे. त्यांनी ते आजवर आतून पाहिलेलं नाही. त्यांना कॅरम नको आहे. त्यांना घराजवळ डायलिसिसचं मशीन हवंय, घरी येणारी परिचारिका हवी आहे आणि बायको आजारी पडली तर दोन वेळचा डबा हवाय. यातल्या एकाही गोष्टीचं फीत कापून उद्घाटन करता येत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये वयस्नेही शहरांची मार्गदर्शिका काढली. त्यासाठी ३३ शहरांतल्या वृद्धांशी बोलणं केलं होतं. त्यांत दिल्ली होती, आपलं उदयपूरही होतं. त्यातून आठ विषय निघाले : बाहेरच्या जागा आणि इमारती, वाहतूक, घर, समाजातला वावर, मान, काम आणि नागरी सहभाग, माहिती, आणि घरापर्यंत पोचणारी आरोग्य व मदतसेवा. विरंगुळा या आठांपैकी एकाचा तुकडा आहे. आपण मात्र त्या तुकड्यालाच अख्खी भाकरी समजून बसलो आहोत.

पहिलाच विषय घ्या, बाहेरच्या जागा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या सूचनांत पदपथ रस्त्यापासून १५० मिलिमीटरहून उंच नसावा असं आहे. म्हणजे वीतभरही नाही. मी नातवाच्या कंपासपेटीबरोबरची तीस सेंटिमीटरची पट्टी घेऊन एका चौकात मोजायला गेलो. पट्टी पुरली नाही. तिथे एक बाई बाबागाडी उचलून वर ठेवत होत्या आणि त्यांच्या मागे एक आजोबा काठी आधी वर टाकून, मग खांबाला धरून चढत होते. त्या चौकात मला या सगळ्या वादाचा फोलपणा कळला. मुलं विरुद्ध म्हातारे, शाळा विरुद्ध विरंगुळा केंद्र, हे भांडण कुणी लावलं? बाबागाडीला जो उतार लागतो तोच चाकाच्या खुर्चीला लागतो. स्वच्छ सार्वजनिक शौचालय पाच वर्षांच्या मुलाला लागतं तसंच पंचाहत्तरीच्या मधुमेह्यालाही. दर शे-दोनशे पावलांवर बाक असेल तर गरोदर बाई आणि गुडघे गेलेली आजी दोघी बाजाराला चालत जातील. यासाठी कुणाचीही शाळा काढून घ्यावी लागत नाही.

जागा देऊन टाकण्याचा जो भाग आहे, त्याबद्दल अधिक कडक बोललं पाहिजे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्याच्या कलम ३७ खाली विकास आराखड्यात फेरबदल करून आरक्षण बदलता येतं. कलम १२७ खाली आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, मालकाने नोटीस दिली आणि ठरलेल्या मुदतीत पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं. म्हणजे जागा निसटायचे दोन-दोन दरवाजे कायद्यातच आहेत. परत यायचा दरवाजा मात्र नाही. मुंबईच्या उपनगरात शाळेचं मैदान एकदा गेलं की ते परत मिळवायला पालिकेकडे पैसा नसतो आणि बाजारात जमीन नसते. म्हणूनच "देऊन टाका" हे दोन शब्द ऐकले की मी सावध होतो. आज मैदान ज्येष्ठांच्या नावाने निघतं. मग त्या ज्येष्ठांच्या केंद्रावर चार मजले चढतात. मग तळमजला केंद्राला आणि वरचं कुणाला, हे आपण वर्तमानपत्रात वाचतो. म्हाताऱ्याच्या काठीने कुंपण तोडायचं आणि आत तिसऱ्यानेच शिरायचं, असा हा प्रकार होऊ शकतो. मुलांची जागा गेली, म्हाताऱ्यांनाही मिळाली नाही.

"मग रिकामे वर्ग तसेच कुलूप लावून ठेवायचे का?" हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर, नाही. पण जागा वापरायला देणं वेगळं आणि तिचं नाव बदलणं वेगळं. शाळा अर्धा दिवस भरते. तळमजल्यावरच्या रिकाम्या दोन खोल्यांत दुपारी स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठी दिवसाचं सांभाळघर चालू शकतं, आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट बसू शकतो, संध्याकाळी अभ्यासिका उघडू शकते. निवृत्त शिक्षक इथे गल्लोगल्ली आहेत. त्यांच्यातले दहा जण वरच्या मजल्यावर गणित शिकवायला आले, तर शाळेला मुलंही सापडतील. आरक्षण मात्र शाळेचंच राहू द्यावं. उद्या त्या पत्रे लावलेल्या इमारतींतून पाळणे आले, तर खोल्या परत घेता याव्यात.

आता मूळ प्रश्नाकडे. हे सगळं ठरवायला माहिती आहे कुठे? इथे एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. जनगणनेत प्रत्येकाचं वय विचारलं जातं. पण जिल्ह्याच्या, मोठ्या शहराच्या खाली, प्रभागाच्या पातळीवर जो गोषवारा सहज हाती येतो, त्यात वयाचा एकच आकडा असतो : शून्य ते सहा वर्षांची मुलं. त्याच्यापुढे सगळे एका रकान्यात. सातव्या वर्षापासून शंभरीपर्यंत आपण सगळे समवयस्क! त्यामुळे मुलुंड पूर्वेच्या एखाद्या प्रभागात पंच्याहत्तरीपुढचे किती, हे सरकारी तक्त्यातून सांगता येत नाही. ज्यांनी सभेत "ऐंशी टक्के म्हातारेच आहेत" असा आकडा फेकला, त्यांना तो कुठून मिळाला, हे त्यांनाच ठाऊक. त्यातही आमचा शेवटचा मोजलेला आकडा २०११ चा. तेव्हा जे मूल पहिलीत होतं, ते आज मतदान करतं.

मग सरकारला वयं खरोखर माहीतच नाहीत का? माहीत आहेत, आणि गंमत त्यातच आहे. पल्स पोलिओच्या रविवारनंतर घरोघर फिरणाऱ्या बाया दारावर खडूने खूण करून जातात. पाच वर्षांखालची मुलं कुठल्या दारामागे आहेत, हे त्यांच्या वहीत असतं. शाळेतली मुलं दर वर्षी शिक्षण खात्याच्या माहितीप्रणालीत शाळावार भरली जातात. जन्माची नोंद पालिकेकडेच असते. आणि अठरापुढचे सगळे, वयासकट, घर क्रमांकासकट, मतदारयादीत छापलेले आहेत. या यादीत वारलेले आणि सोडून गेलेलेही राहतात, त्यामुळे ती थोडी जास्त म्हातारी दिसते, हे खरं. पण अंदाजाला ती बाकापेक्षा कितीतरी बरी. २०२४ च्या निवडणुकीत नमुना १२-ड भरून घेऊन पंच्याऐंशीपुढच्यांच्या घरी मतपेटी गेली. अधिकारी गेले, पोलीस गेले, चित्रीकरण झालं. म्हणजे कुठल्या घरात, कितव्या मजल्यावर, अंथरुणाला खिळलेला माणूस आहे, हे राज्ययंत्रणेला पाच वर्षांतून एकदा बरोब्बर कळतं. मग रक्तदाब तपासायला महिन्यातून एकदा का कळू नये?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. एक, येत्या जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ आहे आणि मोजणी मोबाइल अ‍ॅपवर होणार आहे. आकडे पहिल्यापासून संगणकातच असणार, तर पाच-पाच वर्षांच्या वयोगटांचा तक्ता प्रभागवार प्रसिद्ध करायला कागदाची सबब राहत नाही. दोन, तोवर पालिकेने या चार नोंदींतली वयं एकत्र करून दर विभागाचं एक पान काढावं. नावं नकोत, पत्ते नकोत, फक्त वयोगट आणि संख्या. तीन, शाळा, मैदान, दवाखाना, बालवाडी यांच्या आरक्षणात कुठलाही फेरबदल त्या वस्तीचा वयाचा तक्ता आणि चालू पुनर्विकासातून येणाऱ्या घरांची संख्या जोडल्याशिवाय सूचना-हरकतींसाठी काढूच नये. चार, "ज्येष्ठ" हा एक रकाना मोडून साठी, सत्तरी आणि ऐंशीपुढचे असे निदान तीन करावेत आणि खर्चाचा पहिला रुपया शेवटच्या रकान्याला द्यावा. या गोष्टींना फार पैसा लागत नाही. आणि पैसा लागत नसल्यामुळेच त्यांना पाठीराखे मिळत नाहीत.

एक मागणी मात्र आपल्या सगळ्यांकडेही आहे, वाचकहो. आपल्या देशाच्या जनगणनेत वयाच्या आकड्यांना एक जुनी खोड आहे. साठीचे लोक एकोणसाठ आणि एकसष्टपेक्षा कितीतरी अधिक निघतात, सत्तरचे एकोणसत्तर-एकाहत्तरपेक्षा अधिक, पासष्टचंही तेच. लोक त्याच वर्षी जास्त जन्मलेले नसतात. विचारल्यावर आपण ठोकळ सांगतो : "असतील साठ-पासष्ट, लिहा." शेजारच्या आजींचं वय त्यांच्या सुनेने अंदाजे सांगितलेलं असतं, आणि आजींना विचारायचं कुणाला सुचत नाही. या ठोकळपणातूनच पुढे ठोकळ नियोजन येतं आणि त्याच ठोकळपणातून कुणीतरी सभेत उठून म्हणतं, मुलुंड म्हातारं झालं.

म्हणून प्रगणक दारात येईल, तेव्हा त्याला पाणी द्या, बसायला खुर्ची द्या आणि घरातल्या प्रत्येकाचं वय जन्मतारखेसकट सांगा. तान्ह्याचं सांगा, कामाला ठेवलेल्या मुलीचं सांगा, आतल्या खोलीत झोपलेल्या आजींचं त्यांनाच विचारून सांगा. मग पुढच्या सभेत शाळेच्या मैदानाचा विषय निघाला, की त्या आकड्यांचा कागद आधी टेबलावर मागा. कागद आला नाही, तर मैदानाला हात लावू देऊ नका.